खालून निळी गाडी

मी आयुष्यभर दुसऱ्याच्या गाड्या चालवल्या, दुसऱ्याच्या गाड्या दुरुस्त केल्या, आणि तोंडानं मात्र आपलीच माणसं तोडली. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर. बायको लोकांना सांगते, म्हातारपणी उतरला हो आता. उतरला कसला, दात पडले म्हणून शब्द धड निघत नाहीत, एवढंच. पण एका नवमीला जे बोललो ते अजून घशात अडकून आहे. ते सांगून टाकतो.

तेव्हा वाशीमचा वेगळा जिल्हा झालेला नव्हता, आमचा सगळा भाग अकोल्यात मोडायचा. आसेगावच्या अंगाला आमचं गाव. गावात ट्रक एकच, आणि तो मालकाचा. मालक म्हणजे गावातले मोठे शेतकरी. कापूस-ज्वारी बाजारात न्यायला त्यांनी एक जुना डिझेल ट्रक घेतला होता. त्याचा ड्रायव्हर मी, मिस्त्रीही मीच. आमच्या बौद्ध वस्तीतून स्टिअरिंगला हात लावणारा मी पहिला, त्यामुळे चालतानाही मी जरा छाती काढूनच चालायचो. गाडी एका झटक्यात सुरू होते, सेल्फवर बोट ठेवायचा अवकाश, असं मी पाराजवळ इतक्यांदा सांगितलेलं की लोक मला पाहून वाट बदलत.

त्या वर्षी मी मालकाकडं गाडी मागितली. दसऱ्याला दीक्षेच्या दिवशी अख्ख्या वस्तीला नागपूरला दीक्षाभूमीवर न्यायचं होतं. मालक म्हणाले, नेय, पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी दारात पाहिजे. एवढ्या सहज हो म्हणाले, याचाच मला संशय आला. आयुष्यात आम्हाला सहज हो कमीच ऐकायला मिळालेलं.

गाडी भरून माणसं निघणार होती, पण माझ्या डोक्यात एकच माणूस होतं, माझी आत्या. ती गावातच दिलेली. छप्पन साली सगळे नागपूरला गेले तेव्हा ती ओली बाळंतीण होती. पुढं एक वर्ष सासू आजारी, मग नवऱ्याचं अंग वारं जाऊन लुळं पडलं, ते बरीच वर्षं. दर दसऱ्याला लोक जायचे आणि आत्या मागं राहून सगळ्यांच्या कोंबड्या, बकऱ्या, लहान पोरं सांभाळायची. घरांच्या किल्ल्या तिच्या कनवटीला. लोक परत आले की त्यांचे पाय धुवायला पाणी द्यायची आणि विचारायची, कसं झालं, सांगा. त्या वैशाखात तिचा नवरा गेला. नंतर वाशीमच्या डॉक्टरनं तिच्या छातीला नळी लावून सांगितलं, काळीज मोठं झालंय, फार चालू नका, जिना चढू नका.

आत्या एवढंच म्हणाली, "यंदा नेतं तं नेय बापू. पुढच्या वर्षाचं मी कोनाच्या भरोशावर सांगू?"

मी छातीवर हात मारून सांगितलं, तुला समोर केबिनमध्ये, खिडकीजवळ बसवून नेतो.

आमच्याकडं खांडेनवमीला अवजारांची, गाड्यांची पूजा असते. त्याआधी मालकांनी ट्रक धुऊन रंगवायला सांगितला. वरचं अंग त्यांच्या सांगण्याप्रमाणं लाल-पिवळं केलं. मग मला हुक्की आली. मी माझ्या पदरचा निळा ऑइल पेंट आणला आणि खालची सगळी चेसिस निळी केली. वर मालकाची नवमी, खाली आमचा दसरा. पाठीवर सरपटत, डोळ्यांत रंगाचे थेंब घेत मी ते काम केलं. एक नट आड आला तर तोही काढला, आतपर्यंत रंग दिला, आणि चिकट असतानाच परत आवळला. दोन दिवस गाडी वाळत उभी ठेवली. असा सलग निळा रंग आला होता म्हणता, मी वाकून वाकून पाहायचो.

नवमीला सकाळी मालकाच्या अंगणात पूजा झाली. नारळ फुटला, मी सेल्फचं बटन दाबलं. एरवी गाडी गुरगुरून उठायची. त्या दिवशी आतून नुसतं ढर्र... ढर्र... ढर्र असं आलं, थकलेल्या माणसानं जातं ओढावं तसं. तिसऱ्या वेळी कशीबशी पेटली. दोन दिवस उभी होती, बॅटरी जरा बसली असेल, असं म्हणून मी गाडी वस्तीत आणली. आणि तिथं शहाणपणा केला. माणसं चढेपर्यंत डिझेल कशाला जाळा म्हणून इंजिन बंद केलं.

अकराला निघायचं ठरलं होतं. उजवा दिवा मिणमिणता होता, त्यामुळे उजेड आहे तोवर अमरावती ओलांडायची, असा माझा हिशोब. सगळे पांढऱ्या कपड्यांत, हातात झेंडे, फडक्यात भाकरी-ठेचा. ट्रकचं मागचं फळीचं दार, फालका, लावला. आत्या नीळ दिलेलं पांढरं लुगडं नेसून केबिनमध्ये बसली. चिखल लागू नये म्हणून चपला तिनं गाठोड्यात ठेवलेल्या. अनवाणी पाय जवळ घेऊन ती समोरच्या काचेतून पाहत होती, जणू नागपूर तिथूनच दिसणार होतं.

मी बटन दाबलं. ढर्र... ढर्र. पुन्हा दाबलं. ढर्र. मागं कुणीतरी हसलं. मी खाली उतरलो, खेकसलो, पुन्हा चढलो.

आत्या म्हणाली, "बापू, ही तार पायाले चटका देऊन राह्यली."

तिच्या पायाजवळून स्टॉपरची तार जाते. इंजिन बंद करायला डॅशबोर्डावरची मूठ ओढतात, तिची लोखंडी नळीतली तार केबिनच्या फरशीतून इंजिनाकडं उतरते. मी तिकडं पाहिलंही नाही. इंजिनाची तार हाय, गरमच राहीन, असं म्हणून पुन्हा बटन दाबलं.

तास-दीड तासापूर्वी पाच मिनिटं चाललेलं इंजिन तोवर गार पडलेलं होतं. गार इंजिनाची तार कशी तापेल? हे दुधपित्या लेकरालाही सुचलं असतं. मला सुचलं नाही, कारण मी तेव्हा चाळीस जणांच्या नजरा मोजत होतो.

धक्का मारून पाहिला. गाडी नाल्याच्या काठी, काळ्या मातीत उभी. आदल्या रात्रीच्या सरीनं चिकण झालेली. माणसं ढोपरभर बरबटली, चाकं जागच्या जागी फिरली. पांढऱ्या कपड्यांवर शिंतोडे उडाले तशी कुरकुर सुरू झाली. बारा वाजून गेले. त्या दिवशी मंगरूळला कुणा मिस्त्रीकडं पळावं तर तेही नाही, नवमीला हत्यारं पूजेत मांडलेली, कुणी पान्याला हात लावत नाही. जे करायचं ते मलाच.

मी खाली घुसलो. सेल्फला, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या मोटारीला, हातोडीनं हलके ठोके दिले, आतले कार्बन अडकले असतील तर सुटावेत म्हणून. केबल हलवून पाहिली, घट्ट होती. माझ्या नाकापासून वीतभर वर माझा निळा रंग चमकत होता. खरं सांगतो, त्या घाईतही मी मनात म्हणालो, काय रंग दिलाय लेका.

ज्या उस्तादाकडं मी काम शिकलो त्यानं एक परीक्षा शिकवली होती. सेल्फ मेला की आधी दिवे लाव आणि मग बटन दाब. दिवे विझायला आले तर बॅटरी गेली. दिवे तसेच राहिले आणि सेल्फ रडला, तर बॅटरीला शिव्या देऊ नकोस, वीज जाण्या-येण्याची वाट तपास. दोन मिनिटांचं काम. रागात मी ते केलंच नाही. बॅटरी मेली, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

बॅटरी आत्याच्या सीटखाली. सीट उचलायची होती. एवढं सांगितलं असतं तर ती हसत उतरली असती.

त्याच वेळी मागच्या जाळीतून एका बाईचा आवाज आला, हळू, पण केबिनमध्ये यायचा तेवढा आला. नवऱ्याले जाऊन सहा महिने नाई झाले, अन् हिले समोर बसवलं. दीक्षा घेऊन आम्हाला सतरा-अठरा वर्षं झाली होती, पण हे असलं काही लोकांच्या जिभेच्या टोकाला उरलेलंच होतं. मी ऐकलं. आत्यानंही ऐकलं असणार. मी काही बोललो नाही, माझं लक्ष बॅटरीवर होतं.

आत्या पुन्हा म्हणाली, "पन बापू, ते तार..."

"तुले काय समजते गाडीतलं? खाली उतर म्हनलं ना!"

सगळ्यांनी ऐकलं. ती गाठोडं छातीशी धरून उतरली. कुठं गेली ते मी पाहिलं नाही.

टर्मिनल खरवडले, गरम पाणी ओतलं, पुन्हा आवळले. बटन दाबलं, तेच रडगाणं. मग माझं डोकं फिरलं. बॅटरीचा रंग मला जुना वाटू लागला. मला वाटलं, आपली माणसं जाणार म्हणून मालकानं चांगली काढून घेतली आणि कुठली तरी टाकाऊ घातली. हे मी मोठ्यानं बोललो. दोन-तीन जणांनी माना डोलावल्या. अशा गोष्टी आमच्या वाट्याला इतक्या वेळा आल्या होत्या की पुरावा मागायची कुणाला गरज वाटली नाही.

मी तरातरा मालकाच्या घरी गेलो. ते नवमीच्या पाटासमोरच बसलेले. पाटावर कोयता, पाना, वखराची पास, सगळ्यांवर हळद-कुंकू. मी अंगणातूनच विचारलं, आमच्या लोकाईले जायचं म्हनून जुनी बॅटरी घातली का तुमी? त्यांच्या बायकोच्या हातातलं ताट तसंच राहिलं.

मालक म्हणाले, "नाई." आणि उठून पाटावरचा पाना उचलला. बायको म्हणाली, अवो, आज नवमी हाय. त्यांनी पान्याचं कुंकू धोतराला पुसलं आणि गोठ्याकडं गेले. त्यांचा ट्रॅक्टर चाक काढून विटांवर उभा होता, पण बॅटरी त्याची नवीकोरी. तिच्यावरही सकाळचं कुंकू. ती त्यांनी आपल्या हातानं सोडली आणि म्हणाले, "नेय. लावून पाह्य."

मी खांद्यावर बॅटरी घेऊन वस्तीत आलो. मागं मालक चालत आले. वस्तीत ते सहसा येत नसत, त्यामुळे लोकांनी सरकून वाट दिली. एव्हाना चार-पाच घरची माणसं उतरून एस.टी.च्या फाट्याकडं निघून गेली होती. वस्तीतले एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, दोन वाजले की फालका सोडू, यंदा इथंच वंदना घेऊ. मी बॅटरी जोडली. बटन दाबलं.

ढर्र... ढर्र.

नव्या बॅटरीवर तोच आवाज. मला केबिनमधून खाली उतरू नये असं झालं. मालक खिडकीजवळ उभे होते, त्यांनी फक्त विचारलं, "आता?" त्या एका शब्दानं माझे कान तापले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

काहीतरी करायचं म्हणून मी स्टॉपरची मूठ आत ढकलायला गेलो आणि खालच्या तारेला बोटं लागली. चटकन मागं घेतली. भाजलं होतं. आत्या सांगत होती ती हीच. मी उडी मारून रेडिएटरला हात लावला. गार. इंजिनाला लावला. गारढोण. मग तार कशानं तापली?

मी तसाच चिखलात उताणा पडलो आणि खाली सरकलो. इंजिन रबराच्या गुटक्यांवर बसलेलं असतं. सेल्फला जाडजूड केबलनं वीज मिळते, पण ती परत जायला इंजिन आणि चेसिस यांना जोडणारी तांब्याच्या तारांची एक विणलेली पट्टी असते. तिला आम्ही अर्थिंगची पट्टी म्हणतो. ती वाट बंद झाली की वीज मिळेल त्या फटीतून परत जाते. इथं ती बिचाऱ्या स्टॉपरच्या तारेतून जात होती. म्हणून सेल्फ रडत होता आणि तार तापत होती. पट्टीचं चेसिसकडचं टोक मी शोधलं. नट निळा. वायसर निळं. पट्टीच्या टोकाखाली निळ्या रंगाची जाड साय. तांब्याला लोखंड कुठं लागतच नव्हतं.

तोच नट मी रंग सलग यावा म्हणून काढला होता.

खाली पडल्या पडल्या मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. चिखलामुळे कुणाला कळलं नाही. मी पाना मागितला. मालकांनीच वाकून हातात दिला, त्यांचा नवमीचा पाना. नट सोडला, अर्धं ब्लेड घेऊन रंग खरवडला, मग पॉलिश पेपरनं घासघासून बोटाएवढी जागा पांढरी लखलखीत केली. पट्टीचं टोकही घासलं. कचकचून आवळलं. वर येऊन बटन दाबलं आणि गाडी पहिल्या दणक्यात सुरू झाली. फालक्यामागं एकच गलका झाला. कुणी म्हणालं, चाल, आता बंद करू नको, थेट नागपूर!

मी खाली उतरलो, सगळ्यांसमोर मालकापुढं उभा राहिलो. सांगितलं की बॅटरी चांगली होती, चूक माझी, रंग मीच नटाखाली लावला, आणि तुमच्या दारात जे बोललो ते परत घेतो. एवढं बोलायला मला घाम फुटला.

मालक गाडीखाली बोट दाखवून म्हणाले, "निळा मले सकाळीच दिसला होता, चाकाले कुंकू लावाले वाकलो तवा. चांगला दिसून राह्यला म्हनून बोललो नाई." आणि ते घराकडं वळले.

मग मी केबिनमध्ये पाहिलं. सीट रिकामी होती.

आत्याच्या घराचं दार उघडं होतं. पांढरं लुगडं घडी करून दोरीवर, अंगावर रोजचं. ती उकिडवी बसून शेजारच्यांच्या कोंबड्यांना दाणे टाकत होती. पायाच्या कडेला रुपयाएवढा फोड, त्यावर खोबरेल चोपडलेलं. गाडीचा आवाज तिथंही येत होता.

ती माझ्याकडं न पाहता म्हणाली, "झाली ना सुरू? मी उतरली तवाच म्हनलं, आता होईन. जाय तुमी. बकऱ्या पाहते मी."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, हेच मला सहन झालं नाही. तिनं माझं उतर म्हणणं त्या बाईच्या बोलण्याला जोडलं होतं, आणि मी तोंड बंद ठेवून ते जोडायला मदत केली होती. मी तिला सगळं सांगितलं. रंग सांगितला, नट सांगितला, तुझी तार खरी होती हेही सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, माह्यं मन राखाले सांगून राह्यला तू. तिथं उपाय एकच उरला.

मी तिला लुगडं बदलायला लावलं, चल म्हणालो, बाकी काही बोललो नाही. तिच्या चालीनं, मध्ये एकदा थांबून, आम्ही गाडीजवळ आलो. तिला हात देऊन वर चढवलं, खिडकीजवळ बसवलं. दोन वाजायला आले होते, लोक वरून ओरडत होते, निघ आता. मी स्टिअरिंगवर बसलो आणि स्टॉपर ओढला.

इंजिन बंद पडलं. वर एकदम बोंब उठली. वडीलधारे गृहस्थ फालक्यावर काठी आपटायला लागले. ज्या बाईनं मघाशी जीभ हलवली होती ती जाळीला डोळे लावून पाहत होती. अर्थिंग मी घट्ट केली होती, पण गाडी ती गाडीच. नाही पेटली तर मी आत्याला जन्मभर हे पटवून दिलं असतं की अडथळा तीच होती.

"आत्या, तारेले हात लाव," मी म्हणालो.

तिनं वाकून तळवा तारेवर ठेवला. मी बटन दाबलं. गाडी एका झटक्यात गुरगुरून उठली, केबिनचा पत्रा थरथरला, आत्याच्या बांगड्या नसलेल्या हातालाही थरथर लागली. तिनं हात काढला नाही. इंजिन चालत होतं आणि ती तार दाबून बसली होती, डॉक्टरनं तिची छाती तपासली तशी.

"थंडगार हाय," ती म्हणाली. मग पाय वर घेऊन बसली, गाठोडं मांडीवर ओढलं आणि म्हणाली, "चाल."